मेडल पेटीत राहू द्या, कागद बाहेर काढा

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही, मजकूर थोडक्यात असा:

‘माझे मालक २०१९ ला मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्याआधी दोन वर्षं काश्मिरात कुपवाड्याला आरआरमध्ये (राष्ट्रीय रायफल्समध्ये) होते. तिथं त्यांचा जोडीदार गेला एवढंच मला माहीत, बाकी कधी बोलले नाहीत. घरी आल्यापासून पाठ भिंतीला लावून झोपतात, उशाला बॅटरी. उठवायचं तर मी लांबून काठीनं पायाच्या अंगठ्याला टोचते, कारण एकदा झोपेत त्यांनी माझा गळा धरला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात रात्रीची लाईट होती म्हणून उसाला दारं धरायला गेले. पाण्याच्या पाळीवरून भावकीत आमचं जुनंच भांडण. चुलत दीर अंधारात उसातनं आले आणि यांनी हातातल्या दांडक्यानं मारलं. दिरांचा हात मोडला, जबडा मोडला. ३२५ कलम लागलंय, महिन्यानं निकाल आहे. सात वर्षं होऊ शकतात म्हणतात. वकील म्हणाले, मेडलं घेऊन या, देशसेवा सांगू. मालक म्हणतात, मला वेडा ठरवलंत तर घर सोडून जाईन. त्यात रेकॉर्डला एक लाल शाईची एन्ट्री आहे, सुट्टीवरून बावीस दिवस उशिरा हजर झाल्याची. ती कोर्टात निघाली तर अब्रू जाईल. मी काय करू?’

ताई,

आधी ते सात वर्षांचं ओझं थोडं हलकं करते. ३२५ ला, म्हणजे दंड संहितेतल्या जबर दुखापतीच्या कलमाला, कमाल शिक्षा सात वर्षं आहे हे खरं. पण तुमचा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आहे असं पत्रावरून दिसतं, आणि ते स्वतः तीन वर्षांच्या वर कैद देऊ शकत नाहीत. जास्त हवी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. शिवाय शिक्षा तीन वर्षांच्या आत असली आणि मालक आज जामिनावर असले, तर अपिलासाठी तेच कोर्ट शिक्षा स्थगित करून जामीन देतं. नाकारायचा झाला तर खास कारण लागतं. सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस मिळतात. म्हणजे निकालाच्या रात्री ते बहुतेक घरीच जेवतील. (घटना आणि खटला दोन्ही १ जुलै २०२४ च्या आधीचे, त्यामुळे तुम्हाला जुनेच कायदे लागू आहेत. कुणी न्याय संहितेतली नवी कलमं सांगितली तर गोंधळू नका.)

आता खऱ्या अडचणीकडे येते. मी तीस वर्षं फौजदारी कोर्टात वकील म्हणून उभी राहिले. आरोपी दोषी ठरला की न्यायाधीश विचारतात, ‘शिक्षेबाबत काही म्हणायचंय?’ आरोपी बावचळून वकिलाकडे बघतो. वकील उठतो आणि म्हणतो, ‘साहेब, घरी म्हातारी आई आहे, लहान मुलं आहेत, एकटाच कमावता आहे, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी.’ स्टेनोला हे वाक्य ऐकावंही लागत नाही, त्याची बोटं आपोआप चालतात. पाच मिनिटांत सगळं आटोपतं आणि पुढच्या केसचा पुकारा होतो.

हे भाषण मीही केलंय. एक निवृत्त नाईक, मारहाणीचीच केस. मी त्याच्या आईचं सांगितलं, मुलीच्या लग्नाचं सांगितलं. दीड वर्षाची शिक्षा झाली. महिन्याभरानं त्याची बायको वकीलपत्राचे राहिलेले पैसे द्यायला आली आणि जाता जाता बोलून गेली की ते घरात कधी दाराकडे पाठ करून बसत नसत, जेवतानासुद्धा. मी त्याला सगळं विचारलं होतं. नोकरीत काय बघितलंस, एवढं तेवढं विचारलं नव्हतं. तुमच्या पत्रातली ती काठी आणि पायाचा अंगठा वाचला आणि तो माणूस आठवला.

ती पाच मिनिटं कायद्यानं दिली ती दयेची याचना करण्यासाठी नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत शिक्षेवर वेगळी सुनावणी आणली ती माणूस कोण आहे ते कोर्टाला कळावं म्हणून. १९७६ साली संता सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही सुनावणी म्हणजे उपचार नव्हे, आणि शिक्षा ठरवताना काय बघायचं तेही सांगितलं. त्यात वय, नोकरीचा इतिहास, घरचं वातावरण, पिणं, आणि स्पष्ट शब्दांत आरोपीची भावनिक आणि मानसिक अवस्था, उपचाराची शक्यता, पुन्हा नीट आयुष्याला लागण्याची शक्यता हे सगळं आहे. जवळजवळ पन्नास वर्षं हे पुस्तकात आहे. पण मनाच्या अवस्थेची खरी चौकशी आपल्याकडे होते ती फाशीच्या खटल्यांत. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याचा गंभीर मानसिक आजार धरून सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा बदलली. दांडक्याच्या आणि बांधाच्या केसमध्ये मात्र कुणी आपण होऊन विचारत नाही. तिथं कागद तुम्हीच न्यायचा असतो.

मालकांना ‘वेडा’ शब्द लागलाय, तर त्यांना हे वाचून दाखवा. वेडसरपणाचं कलम वेगळं आहे, ते ८४. कृत्य करताना आपण काय करतोय हेच कळत नव्हतं असं सिद्ध झालं तर माणूस सुटतो. एका मराठी पोलीस शिपायाला २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं सोडलं; त्याच्या हातून पत्नीचा खून झाला होता, आणि स्किझोफ्रेनियाचा वैद्यकीय पुरावा आधीपासूनचा होता. तुमच्या खटल्यात तो रस्ता नाही आणि मी तो सुचवतही नाहीये. हवालदारसाहेब दोषी ठरले तर ‘हो, मारलं’ हेच खरं राहणार. प्रश्न फक्त एवढाच असेल की मारणारा माणूस कशातून आला आहे आणि त्याचं पुढं काय करायचं. जखमी गुडघ्याचा कागद दाखवताना कुणी स्वतःला लंगडा ठरवत नाही. फौजेत मेडिकलला शेप म्हणतात ना, त्यातलं पहिलंच अक्षर ‘एस’ मनाचं आहे, कान-डोळे नंतर येतात. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पेन्शनवर येताना ‘सब ठीक’ म्हणून शेप-वन (पूर्ण तंदुरुस्त) घेऊन आले असतील, बहुतेक सगळे तसेच येतात.

आता मेडलांबद्दल. वकिलांचं म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे. नुसती देशसेवा सांगितली की सरकारी वकील उठून म्हणणार, ‘लाखो जवानांनी सेवा केली, त्यांनी भावाचा जबडा फोडला नाही.’ याला उत्तर नाही. आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. गणवेश घातला म्हणून शिक्षा कमी, असा हिशोब झाला तर उद्या प्रत्येक माजी सैनिकाच्या बायकोनं मार खाऊन गप्प बसायचं का? सेवेतून काही जखम झाली, ती जखम त्या रात्री कामाला आली, आणि तिच्यावर उपचार होऊ शकतो, हे तीन दुवे जोडले तरच त्याला शिक्षेच्या वेळी वजन येतं. एक दुवा निसटला की उरतं ते भाषण.

अमेरिकेतला एक निकाल तुमच्या वकिलांना वाचायला सांगा, पोर्टर विरुद्ध मॅकॉलम, नोव्हेंबर २००९. जॉर्ज पोर्टर कोरियाच्या युद्धात लढलेला, कुनु-री आणि चिप्योंग-नी इथल्या भयंकर लढायांत होता, जखमी झालेला. १९८६ मध्ये फ्लोरिडात त्यानं आपली पूर्वीची मैत्रीण आणि तिचा जोडीदार यांना ठार मारलं. फाशीची शिक्षा सुनावली गेली. शिक्षेच्या टप्प्यासाठी नेमलेला वकील त्याला एकदाच, थोडा वेळ भेटला. लष्करातले कागद त्यानं मागवलेच नाहीत. युद्धावरून परतल्यावर हा माणूस रात्री सुरी घेऊन खोलीच्या भिंतीवर चढू बघायचा, हे ज्युरीला कळलंच नाही. नंतर त्याच्या कंपनी कमांडरनं साक्ष दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आघाडीवर लढलेल्यांना सौम्यपणे वागवण्याची आमची जुनी परंपरा आहे, आणि हा पुरावा पुढं न आणणं ही वकिलाची कसूर होती. तो निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. तरी वाचायला सांगते ते एका खास गोष्टीसाठी. पोर्टर फौजेतून दोनदा बेपत्ता झाला होता. फ्लोरिडाच्या कोर्टानं त्यावरून म्हटलं की मग कसली सेवा! वरच्या कोर्टानं ते उलटवलं: ते पळणं त्याच्या मनाच्या अवस्थेशी जुळतंच, सेवेचं मोल त्यानं कमी होत नाही.

तुमची लाल शाई आठवली का? बावीस दिवस उशीर. तारीख बघा. जोडीदार गेल्यानंतरची आहे का? तोपर्यंतची सगळी वर्षं स्वच्छ आणि त्यानंतर एकदम ही एन्ट्री, असं असेल तर ताई, तुम्ही जी लपवायला निघालात तो तुमच्या हातातला सगळ्यात बोलका कागद आहे. तो सरकारचाच आहे आणि खटल्याच्या कितीतरी आधीचा आहे. खटल्यासाठी तयार केला असं कुणी म्हणू शकणार नाही. एन्ट्री त्याआधीची निघाली तर मात्र ती या कामाची नाही, आणि तसं असेल तर ओढूनताणून जोडू नका.

म्हणून उद्याच बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला मालकांच्या सहीनं अर्ज पाठवा. सेवेचा तपशील, पोस्टिंग, शिक्षेची नोंद, रिलीज मेडिकल बोर्डाची (पेन्शनवर येतानाच्या तपासणीची) प्रत. सोबत माहितीच्या अधिकाराचाही अर्ज टाका, स्वतःचे कागद आहेत. महिन्यात येतील असं नाही. पण पोस्टाची पावती वकिलांकडे असली तर शिक्षेच्या सुनावणीला वेळ मागता येतो. हात हलवत मागितलेला वेळ आणि पावती दाखवून मागितलेला वेळ यात फरक पडतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. त्या पलटणीतला, त्या दोन वर्षांत बरोबर असलेला एखादा सुभेदार गावाजवळ निघाला तर सोन्याहून पिवळं. विधी सेवा प्राधिकरणानं २०२५ मध्ये सैनिक आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिचीही तिथंच चौकशी करा. अमेरिकेतल्या बफेलोसारख्या शहरात २००८ पासून माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्ट चालतं, तिथं आरोपीच्या शेजारी दुसरा माजी सैनिक सोबती म्हणून उभा राहतो. आपल्याकडे तसं कोर्ट नाही, पण सुभेदार तर आहेत.

डॉक्टर. ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांसाठी रेफरल घ्या. सर्टिफिकेट मागायला जाऊ नका, इलाज मागायला जा. गावात कुणीतरी सांगेल की अमुक डॉक्टर हवं ते लिहून देतात. तिकडं फिरकू नका. उलटतपासणीत असा कागद फाटतो आणि त्याच्याबरोबर खरेही फाटतात. निकालाला महिना असताना पहिल्यांदा गेलात, हे सरकारी वकील बोलणारच. बोलू द्या, खरंच आहे ते. त्यावर उतारा म्हणजे जुने बारीक पुरावे: झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी, डोकेदुखीसाठी पॉलिक्लिनिकला मारलेल्या फेऱ्या, आणि तुमची स्वतःची माहिती. काठी, अंगठा, बॅटरी, भिंत हे सगळं तारखा आठवतील तशा वहीत लिहून डॉक्टरांना द्या. त्याला पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मनाचा आजार) म्हणायचं की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही. कँटीनच्या रमचंही लिहा. पत्रात तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. त्या रात्री घेतली होती का? स्वतःहून घेतलेली दारू कायद्यात सबब होत नाही, पण लपवलेली दारू पूर्ण गोष्टीवरचा विश्वास घालवते.

दुसरं विचारते ते जास्त अवघड आहे. दीर उसातनं आले तेव्हा यांनी त्यांना ओळखलं होतं का? एक फटका बसला की चार? ‘कोण आहे’ म्हणून आवाज दिला होता का? सरकार पक्ष म्हणणार, जुनं भांडण होतं, संधी मिळाली, हात साफ केला. तुम्ही म्हणणार, अंधारात पाला वाजला आणि ते कुपवाड्यात गेले. दोन्ही एकाच वेळी थोडं थोडं खरं असू शकतं, आणि माझा अंदाज तसाच आहे. वकिलांना यातलं खरं काय ते कळायलाच हवं. खटल्यात ३१३ चा, म्हणजे पुराव्यावर आरोपीचं म्हणणं कोर्ट विचारतं तो, जबाब झाला असेल, तिथं मालकांनी ‘सगळं खोटं आहे’ म्हटलंय की ‘अंधारात कळलं नाही’ म्हटलंय, तेही काढून बघा. ‘मी मारलंच नाही’ म्हणणाऱ्याचा पश्चात्ताप दुसऱ्या दिवशी कुणाला पटत नाही.

मागायचं काय? नुसती ‘सौम्य शिक्षा’ नको. अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ (म्हणजे प्रोबेशनचा कायदा), कलम ४. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कोर्ट चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी सोडू शकतं आणि परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावू शकतं. ३२५ त्यात बसतं. धोकादायक हत्याराचं ३२६ लागलं असतं तर त्यात जन्मठेप असल्यानं ही वाटच बंद होती, तेव्हा दांडकं होतं, कोयता नव्हता, याचे आभार माना. प्रोबेशन देता येत असताना नाकारायचं तर कोर्टाला कारण लिहावं लागतं, प्रक्रिया संहितेचं कलम ३६१. वकिलांना सांगा, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा अर्ज तयार ठेवा. तो अधिकारी घरी येईल, शेजारी विचारेल, दिरांच्या घरीही विचारेल. उपचार कुठं चालू आहेत, गोळ्या कोण देतं, रात्रीच्या पाण्याची सोय काय केली, हे त्याला दाखवता आलं तर अहवालात उतरेल. न्यायाधीशाला मागच्या लढाईपेक्षा पुढच्या नोव्हेंबरची काळजी जास्त असते. प्रोबेशन मिळालं तरी दोषी ठरल्याची नोंद पुसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आणि दीर. चार पानांत त्यांच्या जबड्याबद्दल एक ओळ आहे. किती दिवस त्यांना पातळ पेजेवर ठेवलं होतं? धारा कोण काढत होतं? ३२५ कोर्टाच्या परवानगीनं जखमी माणसाला मिटवता येतं, म्हणून भावकीतली माणसं त्यांच्यावर ‘मिटव, मिटव’ म्हणून चढतील. तसं होऊ देऊ नका. तुमच्या घरातून तर नकोच. त्याऐवजी दवाखान्याचा खर्च किती झाला तो मध्यस्थामार्फत विचारा आणि भरपाई द्यायची तयारी कोर्टात लेखी द्या. प्रोबेशन देतानाही कोर्ट भरपाई लावू शकतं, तेव्हा ती लावली जाण्याआधी आपण म्हटलेली बरी. त्यांनी माफ केलं नाही तर तो त्यांचा हक्क आहे. पाण्याची पाळी मात्र या निमित्तानं कागदावर आणा.

तुमच्याबद्दल. झोपेत गळा धरला तो एकदाच, असं लिहिलंत. जागेपणी कधी हात उगारला असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तो विषय. १८१ महिलांसाठी आहे, ११२ पोलिसांचा. तुम्ही त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला बांधील आहात असं समजू नका.

मालक डॉक्टरकडे यायला तयार नसतील तर ओढून नेऊ नका, त्यानं फक्त दार बंद होईल. सुभेदारांना घरी जेवायला बोलवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात रहा. किंवा १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. फोनवर नाव न सांगता बोलता येतं, कधी कधी तेवढ्यानं सुरुवात होते. वकिलांना सांगून वैद्यकीय अहवाल बंद पाकिटात द्यायची परवानगी मागा, म्हणजे चावडीवर वाचन होईल ही त्यांची भीती थोडी कमी होईल.

निकाल लागेपर्यंत रात्रीच्या लाईटीला त्यांना एकट्याला दारं धरायला पाठवू नका. मजुरी देऊन कुणी लावा, नाही तर एक पाणी चुकलं तरी चालेल. जो कुणी रात्री त्या वावरात जाईल त्याला आधीच सांगून ठेवा: बांधावरून नाव घेऊन हाक मारायची, ओ आली की मगच सरीत पाय घालायचा.